ठकूची उघड्या कोपऱ्याची गोधडी

राजे मला फारसे आवडत नाहीत, पण राजाशिवाय गोष्ट सुरू होत नाही, म्हणून घेऊ एक. तर होता एक राजा, आणि त्याला झोपच येत नव्हती. तुमच्यासारखी! शिरप्या, पाय आत घे आधी.

मऊ गादी झाली, गरम दूध झालं, गाणारे बोलावून झाले. डोळ्याला डोळा लागेना. मग कुणीतरी सांगितलं, डोंगरापलीकडच्या गावात ठकू नावाची म्हातारी आहे. तिची गोधडी पांघरली की दाढ दुखणारा पाहुणासुद्धा घोरायला लागतो, बरं का!

आता त्या राज्यात एक कायदा होता. आजापणजाकडून आलेलं असेल तेवढं तुमचं, बाकी सगळं राजाचं. असले कायदे राजांनाच सुचतात.

मग प्रधान आला ठकूच्या दारात. म्हणाला, "गोधडी दे."

"नाही देत," ठकू म्हणाली. "माझ्या आजीची आहे. थंडीत माझ्या नातवंडांना हीच एक आहे."

"आजीचा तुकडा कुठला यात? दाखव."

आजीचं लुगडं कधीच विरलं होतं. त्यावर आईच्या लुगड्याचा तुकडा लागला होता.

"मग आईचा दाखव."

तोही विरला होता. वर ठकूच्या नवऱ्याचं धोतर होतं.

"दोरा तरी जुना आहे का?"

दोरा काय, दरवर्षी तुटायचा आणि दरवर्षी नवा घालायचा. प्रधान खूश झाला. "म्हणजे आजीचं यात काहीच नाही. गोधडी राजाची!"

आता तुम्हीच सांगा. सगळं बदललं, तर ती तीच गोधडी की दुसरी? चंपे, डोकं खाजवू नकोस, ठकूलाही पटकन सांगता आलं नाही. पण गोधडी काही तिनं सोडली नाही. ती काखेत मारली आणि तरातरा गेली दरबारात.

"महाराज, तुमचे दुधाचे दात कुठं आहेत?"

"पडले," राजा म्हणाला.

"जावळ?"

"काढलं."

"आणि पाळण्यात मावायचात ते एवढंसं अंग?"

"वाढलं की ते!"

"म्हणजे पाळण्यातलं काहीच उरलं नाही. मग तुम्ही कोण? आणि आजाची ही गादी तुमची कशी?"

सगळा दरबार खुसुखुसू हसला. राजा लालबुंद झाला. राजांना उत्तर सुचलं नाही की ते शिपाई बोलावतात. शिपायांनी गोधडी हिसकावली आणि ठकूला बाहेर काढलं. मला अजून राग येतो त्याचा.

पण गंमत ऐका. ठकूच्या गावात गोधडी कधी पुरी करत नाहीत. एक कोपरा उघडा ठेवतात, तिथं सुई टोचलेली असते. ज्याला पांघरायची त्यानं आधी एक टाका घालायचा, मग आडवं व्हायचं. अगदी पाहुण्यानंसुद्धा. कोपरा भरत आला की नवा तुकडा जोडायचा.

राजवाड्यातल्या शिंप्याला हे काय माहीत! त्याला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. सुई फेकली त्यानं, आणि कोपरा जरीच्या दोऱ्यानं शिवून टाकला.

मग राजानं गोधडी पांघरली. ही कूस, ती कूस, मग उताणा. झोप नाही! सकाळी ठकूला धरून आणलं. "म्हातारे, यातली झोप कुठं पळवलीस?"

ठकूनं जरीचा दोरा दातानं तोडला. पदराला टोचलेली सुई काढली आणि राजापुढं धरली. "घाला टाका."

"मी? राजा?"

"पांघरणार कोण? आजीनं घातला, आईनं घातला, मी घालते. दोरा नवा असेना का, टाका घालणं कधी थांबलं नाही. म्हणून ती आमची!"

राजाला सुई धरता येईना. बोटाला टोचली, तो कळवळला. ठकू तशीच उभी. शेवटी घातला एकदाचा, वाकडातिकडा. आणि सुई हातात असतानाच राजा घोरायला लागला!

मग ठकूनं काय केलं? गोधडी ओढली त्याच्या अंगावरून, घडी केली, डोक्यावर घेतली आणि निघाली. शिपाई धावले. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनं राजाकडे खूण केली. इतक्या दिवसांनी झोपलेल्या राजाला उठवणार कोण? प्रधान नुसता हातवारे करत राहिला, आणि ठकू भरदिवसा मोठ्या दरवाज्यातून घरी गेली.

राजा उठला तेव्हा बोट ठणकत होतं, पण डोकं हलकं झालं होतं. त्यानं शिपाई पाठवले नाहीत. आपला जुना सदरा मागवला, टराटरा फाडला आणि सुईत दोरा ओवत बसला. तो कायदाही त्यानं त्याच दिवशी मोडला.

इकडे ठकूच्या नातीनं विचारलं, "आजी, यात राजाचा टाका आहे. मग ही आता राजाची का गं?"

"एका टाक्यानं? रोज येऊन घालू दे, मग बघू."

मग नातवंडं निजली. तिकडे राजाही निजला, स्वतःच्या वाकड्या गोधडीखाली. सगळे सुखात राहिले.

आता ही सुई घ्या. आपलाही कोपरा उघडाच आहे. शिरप्या, तू आधी. वाकडा आला तर येऊ दे. टाका घाला आणि निजा मुकाट्यानं. कुणी गोधडी मागायला आलंच, तर मी आहे जागी.