कोरडी जागा

“...आणि मग सगळ्यात जास्त पीळ कुठं बसतो?”

नाडगौडा सर तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसून विचारत होते. पवनचक्क्यांच्या त्या पठारावर गिअरबॉक्स त्यांच्याइतका कुणाला कळत नव्हता. उभारणी करणारे बहुतेक इंजिनिअर त्यांच्याच हाताखालून गेलेले.

श्रेयस वाघचौरेला हसू आलं. आज त्याची पहिली स्वतंत्र उभारणी, आणि सर पहिल्या धड्यातलं विचारत होते.

“हळू फिरतं तिथं, सर. पंखा मिनिटाला पंधरा फेरे घेतो, जनरेटरला पंधराशे लागतात. मधला गिअरबॉक्स वेग शंभरपट वाढवतो, तसा पीळ उतरत जातो. सगळा मार पंख्याकडच्या तोंडाशी.”

“म्हणजे पंख्याचा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथं.”

“तिथंच.”

“मध्ये खीळ आहे?”

“नाही.”

“दाते?”

“नाहीत. बाहेरून पोलादी कडं आवळायचं. नुसती पकड.”

“हं...”

समोर मांडव सजला होता. गिअरबॉक्स वर चढायच्या आधी त्याचं श्रेय वर चढलं होतं. फ्लेक्सवर सहा हसरे चेहरे. त्यांतल्या एकानंही कधी पाना धरलेला नव्हता. मंत्री नारळ फोडणार आणि त्याच क्षणी क्रेन शाफ्टसकट गिअरबॉक्स उचलणार, असं ठरलं होतं. दुपारी वारा वाढला की उचलता येणार नव्हतं. हलगी कडाडत होती, आणि श्रेयसच्या छातीतही तीच वाजत होती.

“शाफ्ट बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो,” सर म्हणाले. “तुझा झटक्यात कसा बसला?”

“युक्ती केली.” श्रेयसनं मिशीवर बोट फिरवलं. “शाफ्टला तेल चोपडलं. जावई सासरी शिरावा तसा शिरला आत.”

शेजारच्या तेलाच्या डब्यात सरांनी उजवा हात मनगटापर्यंत बुडवला. निथळू दिला. मग पुढे केला.

“उठव मला.”

“सर, हात...”

“उठव रे. तेलानं काम सोपं होतं ना?”

श्रेयसनं हात धरला, जोर लावला. हात सुळकन निसटला. म्हातारा धप्पकन पिंपावर आदळला.

“आणखी आवळ,” सर म्हणाले.

त्यानं दोन्ही हातांनी आवळलं. पुन्हा निसटला.

श्रेयस हसायला गेला... आणि थांबला. त्यानं आपल्या तळव्याकडं पाहिलं. मग मनोऱ्याच्या टोकाकडं.

तेवढ्यात कंपनीचे व्यवस्थापक खासनीस धावत आले. “वाघचौरे, मंत्रीसाहेब पोचले. हुक लावा.”

“हुक नको. कडं उघडतोय. शाफ्ट बाहेर काढून पुसायचाय.”

“वेड लागलंय का? बाहेरून दिसतंय का कुणाला?”

“दिसत नाही, म्हणूनच.”

“तुमची जागा जाईल, सांगून ठेवतो.”

“जाऊ दे. पण ती जाईपर्यंत हा गिअरबॉक्स माझा आहे.” आणि त्यानं कामगारांना हाक दिली, “पाने आणा रे! आणि कोरडी फडकी. तेलाचं एक बोट लागलेलं असेल तरी ते फडकं नको.”

मांडवात नारळ फुटला. गिअरबॉक्स जागचा हलला नाही. टाळ्या मात्र पडल्या, फोटोही निघाले, आणि गाड्यांचा ताफा धूळ उडवत घाट उतरला. काय उचललं गेलं, हे कुणी विचारलंच नाही.

इकडं बोल्ट सुटत होते. शाफ्ट इंच इंच बाहेर येत होता. “अजून, अजून!” श्रेयस ओरडत होता. जावई आत जाताना जितका गोड वागला, तितकाच बाहेर येताना. ते पाहून श्रेयसच्या अंगावर काटा आला. मग तो स्वतः गुडघ्यांवर बसून पुसत राहिला. शेवटी त्यानं शाफ्टवरून बोट ओढलं. बोट अडखळलं.

“अडलं!” तो ओरडला. “अडलं रे!”

एव्हाना वारा पठारावर शीळ घालू लागला होता. क्रेनवाल्यानं लांबूनच हात हलवून नकार दिला.

सर त्याच पिंपावर होते, हात तसाच तेलकट.

“पुसलं, सर.” श्रेयसचे डोळे लकाकत होते. “आज उचलता मात्र येणार नाही. उद्या माझ्या जागी दुसरा कुणी असेल. सगळं हातचं गेलं बघा...”

सरांनी फडकं मागून घेतलं. बोटं पुसली, बेचक्या पुसल्या, तळवा सावकाश कोरडा केला. मग हात पुढे केला.

“आता उठव.”