ठेवलेली कवडी

एका गावात एक माळीण होती. ती खरं बोलायची, तरी तिचं कुणाला खरं वाटायचं नाही, हेच तिचं दुखणं.

जत्रेत देवीला पहिला हार जिचा, तिच्याच फुलांच्या पाटीपुढे गर्दी. तो मान तिला की तिच्या धाकट्या जावेला, हे देवळातली कवडी ठरवायची. उताणी पडली तर थोरलीला, पालथी पडली तर धाकटीला. आणि मेली दरवर्षी पालथीच!

"एका अंगानं झिजलीय ती! उताणी पडेलच कशी?" थोरली कळवळून सांगे.

"देवीची मर्जी," गुरव म्हणे. बाया हसत, "जावेवर जळते, दुसरं काय!"

जळत तर होतीच. धाकटीच्या अंगावर नवं लुगडं दिसलं की हिच्या घशाखाली घास उतरत नसे. पण कवडीचं खरं होतं.

शेवटी म्हातारी कुंभारीण म्हणाली, "घरटी एक कवडी आणा. कुणाची अशी झिजलेली, कुणाची तशी; धड एकही नसेल. सगळ्यांनी टाका आणि उताण्या पडतील त्यांच्या जोड्या लावा. सगळ्या जुळल्या तर मान थोरलीचा, एक उरली तर धाकटीचा. एक कवडी लबाड निघेल, पण एवढ्या वाकड्यांना एका मताचं कोण करील? त्यातली कुठलीही एक पलटली, की निकाल पलटतो."

गावाला पटलं. धाकटी हसून म्हणाली, "जाऊबाई, आता तरी रडू नका हं."

ते हसू थोरलीच्या काळजात रुतलं. ती मुद्दाम शेवटी थांबली. फरशीवर सगळ्यांच्या कवड्या टकाटक पडल्या. उताण्यांत एक उरत होती. पदर सावरायचं निमित्त करून ती वाकली आणि आपली कवडी अल्लद उताणी टेकवली.

"जुळली गं बाई!" थोरली ओरडली.

कुंभारणीला दिसायचं कमी, कान मात्र तिखट. "शेवटची वाजली नाही," ती म्हणाली. "तू टाकली नाहीस, ठेवलीस. सगळ्यांचं बघून एकीनं ठेवायची, तर आमच्या कवड्या कशाला आणवल्या? टाक बघू आता."

थोरलीनं टाकली. कवडी गरगर फिरली आणि उताणीच पडली!

"बघा, माझाच मान!"

"तुझाच होता गं," म्हातारी म्हणाली. "पण एकदा ठेवलीस, आता टाकलेलीही कोण खरी मानणार?"

हार धाकटीचा चढला.

तात्पर्य: दहा वाकड्यांतूनही सरळ न्याय निघतो, पण प्रत्येकानं मूठ मोकळी सोडली तरच. जळून जळून कुणी हातचं घालवलं, की त्या गावात ना कवडीला बोल लावतात, ना जावेला. थोरलीचंच नाव घेतात: भिवरा.