बिनछपराची सात घरटी

सह्याद्रीतल्या एका दाट जंगलात, उंच बेहड्याच्या शेंड्याजवळ, एक शेकरूबाई आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ती अशी उडी घेते, की खालून बघणाऱ्याची मान दुखून यावी. जमिनीवर मात्र ती सहसा पाय ठेवत नाही. आता त्या जंगलातली शाळा भरायची वडाखाली, जमिनीवर. म्हाताऱ्या वानराची शाळा होती ती. तेव्हा शेकरूबाईने ठरवलं, की आपण पिल्लांना घरीच शिकवायचं.

घरची शाळा थंडीभर छान चालली. सकाळी उड्या, दुपारी फळांची ओळख, संध्याकाळी आवाज ऐकून पाखरू ओळखायचं. थोरली मुलगी सगळं मन लावून करी आणि धाकटा मुलगा सगळं घाईघाईने करी, पण दोघं शिकत होती.

मग वसंत आला आणि वेळापत्रकाचे तीनतेरा वाजले. कुसुंबाला तांबडी कोवळी पालवी फुटली. पांगारा लाल फुलांनी भरला आणि त्यावर पाखरांची झुंबड उडाली. तांबट पक्षी उजाडल्यापासून टुकटुक करू लागला. अशा दिवसांत धड्यात कुणाचं लक्ष लागतं? तुमचंही लागलं नसतं, मला ठाऊक आहे. पण खरं सांगायचं तर घरात सगळ्यांत जास्त चुळबुळ पिल्लांची नव्हतीच. ती आईची होती.

त्यातच बेहड्याची पानं गळून गेली होती. राहतं घरटं एकदम उघड्यावर पडलं. नवं बांधणं भागच होतं. शेकरूंची रीतही अशी, की एकाच घरट्यावर विसंबायचं नाही. आसपासच्या झाडांवर चार-सहा घरटी तयार ठेवायची, म्हणजे शत्रू आला तर जवळचं गाठता येतं.

"आजपासून पाठ बंद," आई म्हणाली. "आता अभ्यास म्हणजे घरटी."

पिल्लांना तर आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. पहिल्या दिवशी आंब्यावर काड्या रचून तळ तयार झाला, छातीइतक्या भिंती उभ्या राहिल्या. छप्पर उद्या घालायचं ठरलं. पण दुसऱ्या दिवशी आईला कुसुंब दिसला.

"बघा तरी, किती मऊ पालवी आहे. इथे करू या एक."

"आणि आंब्याचं छप्पर?" थोरलीने विचारलं.

"होईल गं ते. आधी इकडे ये."

तिसऱ्या दिवशी जांभूळ आवडलं, पाचव्या दिवशी हिरडा. नऊ दिवसांत सात झाडांवर सात घरटी झाली. प्रत्येकाचा तळ असा सुबक, की हात फिरवत राहावंसं वाटे. आणि प्रत्येकाच्या वर नुसतं मोकळं आभाळ.

वडाखालून म्हाताऱ्या वानराने मान वर करून पाहिलं. "शेकरूबाई, घरटी बांधताय की जेवणाची ताटं मांडताय?"

"होतंय, मास्तर, सगळं होतंय," असं म्हणत शेकरूबाई आठवं झाड बघायला गेलीसुद्धा.

दहाव्या दिवशी ती काड्या आणायला ओढ्यापलीकडे गेली होती. ऊन चांगलं चढलं होतं. अशा वेळी मोरघार शिकारीला निघते. मोरघार म्हणजे डोक्यावर तुरा असलेला मोठा शिकारी पक्षी, आणि शेकरूचं पिल्लू तिला फार आवडतं. तिची सावली बेहड्यावरून सरकली. थोरलीने ती पाहिली आणि भावाला घेऊन आंब्यावर उडी मारली. दोघं घरट्यात दबून बसली.

"ताई, ती दिसतेय मला," धाकटा कुजबुजला.

"मग आपणही तिला दिसतोय. चल."

कुसुंबावर गेली, तिथेही तेच. जांभळावर तेच. हिरड्यावर पोचली तोवर मोरघारीने पंख मिटून झेप घेतली होती. थोरलीने धाकट्याला पोटाखाली दाबलं. तेवढ्यात आई खटखट ओरडत थेट मोरघारीच्या अंगावरच झेपावली. मोरघार दचकली, तिचा पंजा हुकला, आणि थोरलीच्या शेपटीचे चार केस तेवढे तिच्या नखात राहिले.

समोरच्या वाळक्या झाडावर बसून ती शांतपणे म्हणाली, "आज हुकले. उद्या ऊन चढलं, की येते. सातांपैकी कुठल्याही घरट्यात बसा, मला सगळीकडचं सारखंच दिसतं." आणि ती उडून गेली.

थोरली म्हणाली, "आई, छप्पर कसं घालायचं ते सांग. आम्ही घालतो."

आई खाली बघत म्हणाली, "मला येत नाही गं ते. बेहड्यावरचं छप्पर मी तीनदा घातलं आणि तीनदा कोसळलं. शेवटी वरच्या पानांच्या भरवशावर तसंच सोडून दिलं. तेव्हापासून छपराची वेळ आली, की मला नेमकं दुसरं झाड आवडायला लागतं."

आईला एखादी गोष्ट येत नाही, हे पिल्लांनी पहिल्यांदाच ऐकलं. धाकट्याचे डोळे चमकले.

"म्हणजे तूही आमच्याच वर्गात?"

"हो रे. आणि परीक्षा उद्याच आहे," आई म्हणाली, आणि इतक्या भीतीतही तिघांना हसू आलं.

त्यांनी दाट पानांचं जांभूळ निवडलं. बाकी सहा घरटी मोडून सगळ्या काड्या तिथे आणल्या. पहिलं छप्पर आडव्या काड्या टाकून घातलं, ते धाकट्याच्या डोक्यावर पडलं. दुसरं आईसकट खाली आलं. शेजारून पोपटांचा थवा गलका करत सावरीच्या फुलांकडे निघाला, तसे आईचे कान तिकडे वळले.

"आई," थोरली म्हणाली.

"मी बघत नव्हते." बघत होती, पण परत कामाला लागली.

तिसरं छप्पर घसरलं तेव्हा थोरली रडली नाही. ते कुठून घसरतं, हे तिने वाकून पाहिलं. जुन्या घरट्यांच्या काड्या वाळून कडक झाल्या होत्या, त्या वाकतच नव्हत्या. तिने पानांसकट हिरव्या डहाळ्या तोडून आणल्या. त्यांचे बुंधे भिंतीत रोवले आणि शेंडे आत वाकवले. धाकटा आत बसून एकेक शेंडा दुसऱ्यात अडकवू लागला. त्या कामात त्याच्या हातांना क्षणभर उसंत नव्हती, त्यामुळे स्वारी भलतीच खूश होती. मग आईने हळूच वर पाय ठेवला. छप्पर हललं, पण टिकलं. तिने दुसरा पाय ठेवला. तरीही टिकलं. तिघांना असा काही जोर चढला, की दिवस मावळायच्या आत शेवटचं भोकसुद्धा बुजलं.

"ताई, आभाळ दिसत नाही," आतून धाकट्याचा आनंदाने फुटलेला आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मोरघार आली. आंब्यावर काही नाही, कुसुंबावर काही नाही, हिरड्यावर काही नाही. जांभळात पानांचा एक मोठा गोळा दिसत होता. त्याच्याजवळ उतरायला ती एका बारीक फांदीवर टेकली, तशी फांदी तिच्या भाराने खाली गेली आणि ती पंख फडफडवत कशीबशी सावरली. पंजा मारला, तर हाती नुसती पानं आली. आत तिघं एकमेकांना बिलगून पडली होती आणि छप्पर जागेवर होतं. मोरघारीने आणखी दोन घिरट्या घातल्या आणि ती डोंगरापलीकडे निघून गेली.

पिल्लं बाहेर आली ती उड्या मारतच. "आई, चल ना, पांगाऱ्यावर जाऊ या. सगळी पाखरं तिथे आहेत."

आई आतच उताणी पडली होती आणि वर बघत होती.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मला माझं छप्पर अजून जरा बघू दे."

तात्पर्य काय, तर नवं काम हौसेने जरूर सुरू करावं, पण जमत नाही त्या कामातून पळण्यासाठी नवं काढू नये. 'मला येत नाही' असं म्हणून तिथेच प्रयत्न करत राहणाऱ्याला ते एक दिवस येतं.