सेंटरवरची विहीर

तुम्ही मैदान बघायला आलात आणि विहीर बघून थांबलात. सगळेच थांबतात. एवढं सपाट, तांबड्या मातीचं मैदान, दोन्ही टोकांना गोलचे खांब, आणि बरोबर मधोमध, जिथं चेंडू ठेवून खेळ सुरू करायचा त्या सेंटरवर, दगडी काठाची विहीर. परगावचा माणूस आधी हसतो, मग विचारतो की हे डोकं कुणाचं. हसा, आमची काही हरकत नाही. आमची पोरं विहिरीच्या अलीकडे-पलीकडे खेळतात. चेंडू आत पडला की ज्यानं मारला त्यानंच काढायचा, एवढा एकच नियम इथं कडक आहे.

कोल्हापूरकडच्या या कसब्यात पेठ तिथं तालीम, आणि तालीम तिथं फुटबॉलचा संघ. ही चिंचवेस पेठ, आणि समोर भिंतीवर मारुती रंगवलाय ती आमची चिंचवेस तालीम. आज आमचा संघ ‘ब’ गटात आहे. यादी खालून वाचली तर लवकर सापडतो. पण एके काळी चिंचवेसचं नाव निघालं की समोरच्यांची झोप उडायची, असं जुनी माणसं सांगतात. सलग दोन वर्षं आमच्या पोरांनी गावचा मोठा कप आणला होता. तिसऱ्या वर्षीही संघ फायनलला पोचला. त्यानंतर मात्र कधीच पोचला नाही. त्याची ही हकिगत आहे.

साल कोणतं, यावर पेठेत एकमत नाही. खरं तर माझ्यावरून ते ठरायला हवं, कारण मी त्याच उन्हाळ्यात जन्मलो. पण शाळेत घालताना मास्तरांनी माझी जन्मतारीख अंदाजानं एक जून लिहिली आणि सालही अंदाजानंच टाकलं. त्यामुळं मीही इतरांसारखं ‘म्हणे’ म्हणूनच सांगतो.

हे मैदान वस्ताद ज्योतीरामांनी केलेलं. आधी इथं खडकाळ उंचवटा होता, पेठेचा उकिरडा होता. वस्तादांनी सात वर्षं रोज पहाटे जोर-बैठका झाल्या की पोरांच्या हाती पहारी दिल्या, खडक फोडला, नदीकाठची माती गाड्यांनी आणून टाकली आणि रूळ फिरवून फिरवून ही जागा तळहातासारखी सपाट केली. पुढं त्यांचे पाय गेले. तालमीच्या दारात घोंगडीवर बसून ते खेळ बघायचे, आणि तिथून दिलेली त्यांची शिवी थेट पलीकडच्या गोलपर्यंत ऐकू यायची.

कपाची एक अट होती. संघानं कप वर्षभर ठेवायचा आणि मग परत द्यायचा. पण सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याकडं तो कायमचा राहणार. कप परत न्यायला कमिटीची माणसं आली की वस्ताद त्या दिवशी जेवत नसत. दुसऱ्यांदा कप गेला तेव्हा संघाचा कप्तान हिंदुराव त्यांच्यापुढं बसला आणि त्यांच्या पायाला हात लावून म्हणाला, “वस्ताद, आता एकडाव आणतो, मग कप तालमीतनं कायमचा हलत न्हाई.” वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. हिंदुराव माझा सख्खा मामा. बापाविना वाढलेल्या त्या माणसाला वस्तादांनीच मोठं केलं होतं, त्यामुळं तो शब्द त्याला देवापुढच्या नवसाइतका मोठा होता.

आणि त्याच वर्षी पाणी आटलं. पेठेतला आड कोरडा पडला, तळ्यात चिखल राहिला, तोही पुढं तडकला. बायका दीड कोसावर नदीला जाऊ लागल्या आणि तिथंही वाळूत झरे उकरून वाट्यांनी घागर भरू लागल्या. शेवटी पेठेनं लांबच्या गावचा एक पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा ठेवून हा माणूस रानभर फिरायचा. जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहायचा. त्याची रीतही कडक होती. बरोबर एकच माणूस घ्यायचा, जागेवर कुंकू लावलेला दगड ठेवायचा, कुणाशी न बोलता निघून जायचं आणि पाणी लागेपर्यंत त्या गावचं पाणी प्यायचं नाही. त्याच्याबरोबर जायला पेठेनं आपला सगळ्यात भरवशाचा माणूस दिला. तो हिंदुराव.

पाणाड्या सगळी पेठ फिरला, चिंचेखालून गेला, तालमीमागून गेला. नारळ हलला नाही. मग तो मैदानात उतरला आणि सेंटरवर आला तसा नारळ ताडकन उभा राहिला. त्यानं तिथं दगड ठेवला आणि पाठ फिरवून चालू लागला. भर दुपार होती, मैदानात चिटपाखरू नव्हतं. मामा त्या दगडाकडं बघत किती वेळ उभा होता ते त्यालाच ठाऊक. मग त्यानं तो उचलला आणि मोजून सत्तर पावलं चालत नेऊन मैदानाबाहेर, कडेच्या बांधाला ठेवला. पाण्याला आडवं जायचं त्याच्या मनात नव्हतं. सत्तर पावलांनी असा काय फरक पडणार, झरा काय तेवढ्यात संपतो काय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. आम्हा चिंचवेसकरांना मैदानाची रेघ दिसली की बाकीचं जग जरा धूसर दिसतं, हा दोष खरा आहे.

बांधावर खणायला सुरुवात झाली. सगळी पेठ राबली. वीस हात खाली गेले, काळा खडक लागला, सुरुंग उडवले, खाली आणखी काळा खडक. एक महिना गेला. लोक पाणाड्याला नावं ठेवू लागले, आणि मामा गप्प राहिला.

माझी आई शालन तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, तरी आपल्या आईला एकटीला किती खेपा घालू देऊ म्हणून ती नदीला गेली. परतताना दरडीवर पाय घसरला आणि ती घागरीसकट खाली आली. बैलगाडीत घालून तिला घरी आणलं तोवर कळा सुरू झाल्या होत्या. सुईण आली, चूल पेटवली आणि म्हणाली, पाणी ठेवा. घरात घोटभर पाणी नव्हतं. मामा घागर घेऊन धावत बाहेर पडला, पण दारातच थांबला. शेजारीण तांब्या घेऊन येत होती. तिच्या मागं दुसरी होती. त्यांच्या मागं गोलकीपर दस्तगीरची म्हातारी आई वाटीवर ताटली झाकून येत होती. ज्याच्या घरात जेवढं प्यायचं पाणी शिल्लक होतं तेवढं त्यानं आणलं. असं तांब्यातांब्यानं गोळा झालेलं पाणी तापलं आणि त्यात मला पहिली आंघोळ घातली. ज्या घरांतून ते पाणी आलं त्या घरांतली पोरं त्या दिवशी कोरड्या तोंडानं झोपली. आज साठी उलटली, पण सकाळी तोंडावर पाणी मारताना मला त्या बायांची नावं आठवतात.

त्याच संध्याकाळी मामानं पेठ तालमीत जमवली. बांधावरचा तो कुंकवाचा दगड त्यानं मारुतीपुढं आणून ठेवला आणि म्हणाला, “दगड मी हलवला. पाणी सेंटरला हाय.”

आता याला मारतात की पेठेबाहेर काढतात, असं दस्तगीरला वाटलं म्हणे. कुणी कुणी हात उगारलाही. पण तुम्हाला आमची पेठ माहीत नाही. थोडी आरडाओरड झाली आणि मग एक म्हातारा उठून म्हणाला, “आठ दिवसांवर फायनल हाय. एवढं दिस काढलं, आनखी आठ काय जड न्हाईत. आदी कप आणू, मग खांदू.” आणि लोकांनी माना डोलावल्या! दीड कोसावरून पाणी वाहणाऱ्या बायकांनीसुद्धा. मैदान फुटलं तर सराव बंद, सराव बंद तर कप गेला, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मामा एकटाच नको म्हणाला. “माझ्या बहिणीसाठी तुमी पोरांच्या तोंडचं पाणी दिलंसा. आता त्या कपाकडं मी कुठल्या तोंडानं बघू?”

मग तो वस्तादांकडं वळला. मैदान त्यांचं होतं आणि शब्दही त्यांनाच दिलेला होता. “वस्ताद, तुमाला शब्द दिलता.”

वस्तादांनी अंगाखालची घोंगडी सावरून घेतली. मग म्हणाले, “कसला शब्द? मला काय आठवत न्हाई. उचला मला.”

चौघांनी घोंगडीसकट त्यांना सेंटरवर नेलं. त्यांनी आपल्या हातानं तिथली माती जरा चाचपली. “पोरं पडली तर गुडघं फुटू नयेत म्हणून मी ही माती घातली,” ते म्हणाले. “पोरंच तहानली तर काय माती चाटायची? हाण, हिंद्या.”

मामानं पहिला टिकाव घातला. त्याचे डोळे वाहत होते आणि वस्ताद तोंडानं शिव्या देत होते, असं बघणारे सांगतात.

फायनलच्या आधी खेळाडूंना दूध-अंडी देऊन बसवून ठेवायची आमची रीत. त्या वर्षी मामा खड्ड्यातून वर यायला तयार होईना, आणि त्याला एकटा सोडायला बाकीचे दहा तयार होईनात. सात दिवस सगळा संघ खणत होता. पेठ वर दोर ओढत होती. आठव्या दिवशी, म्हणजे फायनलच्याच दिवशी सकाळी, दस्तगीरच्या पहारीखालचा दगड निखळला आणि पाणी आलं. गढूळ, पिवळं, पण माणसाच्या मनगटाएवढ्या धारेनं आलं. बारा हातांवरच. बांधावर वीस हात खाली जाऊन जे मिळालं नाही ते इथं बारा हातांवर हसत बसलं होतं.

गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली ती अकरा माणसं तशीच फायनलला गेली. समोर वरच्या पेठेचा संघ होता. दस्तगीरच्या हाताला एवढे फोड आले होते की चेंडू हातात यायचा आणि सुटायचा. आम्ही चार गोलांनी हरलो.

हरलेल्या संघानं मागच्या बोळातून घरी यायचं आणि दोन दिवस तोंड दाखवायचं नाही, ही या गावातली पद्धत. आमची पोरं मान खाली घालून बोळात शिरली तर बोळाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या. प्रत्येकीपुढं भरलेली घागर. त्या खाली बसल्या आणि एकेकाचे पाय धुऊ लागल्या. दस्तगीरनं पाय मागं घेतले, तर त्याच्या आईनंच ते पुढं ओढले. मामा म्हणायचा, गोल खाल्ले तेव्हा रडलो नव्हतो, तिथं मात्र आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या पेठेची मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, आणि हरलेल्यांना चिडवायला मुद्दाम त्यांच्या पेठेतून जायचं, हेही ठरलेलंच. नाचत नाचत ते मैदानापाशी आले आणि हलगी थांबली. ज्या मैदानावर यायला ते घाबरायचे त्याच्या पोटात त्यांनी विहीर बघितली, आणि तिच्याभोवती रांगेत उभ्या बायका. त्यांत वरच्या पेठेच्याही होत्या, कारण सकाळपासून आमच्या लोकांनी कुणालाच अडवलं नव्हतं. त्यांचा कप्तान बळवंत. त्यानं काय झालं ते विचारून घेतलं. मग तो काठावर गेला, पोहऱ्यातलं पाणी त्यानं कपात ओतलं आणि दोन्ही हातांनी कप मामापुढं धरला. मामानं तो तसाच वस्तादांकडं नेला.

वस्ताद कपातून पाणी प्याले. मिशा पुसल्या. “ग्वाड हाय,” म्हणाले, आणि बळवंतला म्हणाले, “फुडच्या सालीबी आण रं.”

बळवंत म्हणाला, “आणतो. आमी न्हाई जिंकलो तर जो जिंकंल तो आणंल.”

ते वस्तादांचं शेवटचं वर्ष ठरलं. मैदान गेल्यावर आमचा खेळही हळूहळू गेला. पोरं कापणी झालेल्या रानात सराव करायची, पेरणी झाली की रस्त्यावर. चांगले खेळाडू दुसऱ्या तालमींत गेले, त्यांना कुणी अडवलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत आम्ही ‘ब’ गटात उतरलो आणि तिथंच घर केलं. विहीर मात्र त्यानंतर एकाही उन्हाळ्यात आटली नाही. आणि आणखी एक गोष्ट सांगतात. त्या दिवसापासून कुठल्याच संघाला सलग तिसऱ्यांदा कप जिंकता आला नाही. दोनदा जिंकतात, तिसऱ्यांदा काहीतरी घडतं. ही विहीर कपाला कुणाच्या कपाटात कायमचा बसू देत नाही, अशी इथल्या बायकांची खात्री आहे. मी वाद घालत नाही.

आजही कप कुणीही जिंको, मिरवणूक आधी चिंचवेसला येते. हलगी मैदानाच्या कडेला थांबते. जिंकणाऱ्या कप्तानानं स्वतः पाणी ओढायचं, कप भरायचा आणि आमच्या हरलेल्या अकरा पोरांना पहिला घोट द्यायचा. यंदा आम्ही पहिल्याच फेरीत सहा गोलांनी हरलो. परवा कप आला, आमची पोरं रांगेत उभी राहून पाणी प्याली. आम्ही तो आता जिंकत नाही, पण एकाही वर्षी तो आला नाही असं झालेलं नाही. माझ्या मामानं दिलेला शब्द असा गाव पाळतंय.