सटवाजीचा पाळणा

ओढ्याकाठच्या हातोळे गावात सुखोबा महाराज माघ महिन्यात आले आणि राममंदिराच्या ओसरीवर राहिले. महाराज फारसे बोलत नसत. पण गावातली पोरे खेळायला निघाली की महाराज हळूच त्यांच्यात जाऊन बसत. मोठी माणसे दर्शनाला येऊन ताटकळत आणि महाराज पोरांच्या भातुकलीत पाहुणे होऊन खोटा खोटा भात जेवत असत. असे ते महाराज!

त्याच गावात सटवाजी कुंभार राहत होता. माणूस सरळ आणि रामरायावर त्याचा जीव. लग्नाला पुष्कळ वर्षे होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. एका रामनवमीला देवापुढे त्याचे डोळे भरून आले आणि तोंडातून शब्द निघून गेले, "रामराया, माझ्या घरी लेकरू दे. तुझ्या जन्माचा पाळणा मी ह्या तोंडानं गाईन."

देवाने ऐकले. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात सटवाजीला मुलगी झाली. तिचे नाव जाई ठेवले. आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर बायको ठकूबाई म्हणाली, "अहो, नवस बोलायला जगात नारळ नव्हते का? पेढे नव्हते? गायचं कशाला बोललात?"

कारण सटवाजीला गाता येत नव्हते. लहानपणी तो भजनात बसला असता कोणीतरी म्हणाले होते, "ए कुंभाराच्या, तू नुसता टाळ वाजव. तोंड उघडू नको." त्या दिवसापासून त्याने गाण्यासाठी तोंड उघडले नव्हते. आता रामनवमी जवळ येत चालली, तसे त्याला अन्न गोड लागेना. देवाने दिलेला शब्द पाळला. आपला मोडला, तर ह्या लेकरावर काही येणार तर नाही?

तो धीर करून विश्वंभरबुवांकडे गेला. मंदिरातले गाणे बुवांकडे असे. आवाज खरोखर सुंदर, पण त्याची घमेंडही तेवढीच. ते इतक्या वरच्या पट्टीत गात, की गावातल्या कोणाला त्यांच्याबरोबर सूर मिळवता येत नसे, आणि ह्याचेच त्यांना कौतुक वाटे.

"पाळणा? आणि तू?" बुवांनी शिष्यांकडे पाहिले. "अरे सटवाजी, तू गायलास तर रामराया जन्म घ्यायचा पुढं ढकलील."

शिष्य हसले.

"एक कडवं तरी, बुवा. नवस हाय."

"मग घरी जाऊन तुझ्या गाढवाला ऐकव. त्याला पटलं तर माझ्याकडं ये."

सटवाजी तिथून निघाला तो थेट महाराजांच्या पायांशी. सगळी हकीकत सांगितली. महाराजांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "चल, तुझी भट्टी पाहू."

अंगणात नुकतेच भाजून काढलेले रांजण आणि मडकी मांडून ठेवली होती. सटवाजी सवयीने एकेका मडक्यावर बोटाने टिचकी मारत गेला. एक त्याने बाजूला काढले.

"हे का काढलंस?" महाराजांनी विचारले.

"ह्याला तडा हाय, महाराज."

"मला तर दिसत नाही."

"मलाबी दिसत न्हाई. आवाज भदभद येतोय."

महाराज हसले. "म्हणजे कान तर तुला देवानं चांगला दिलाय. मग गाता येत नाही म्हणून कोणी सांगितलं?"

इतक्यात आळीतली पोरे आली. त्यांचा एक नेहमीचा खेळ होता. मोठ्या रांजणात तोंड घालायचे आणि हूऽऽ करायचे. महाराज म्हणाले, "सटवाजी, हे तुझे गुरू. बस त्यांच्यात."

सटवाजी लाजत लाजत वाकला. त्याने हूं केले. काहीच झाले नाही. एक चिमुरडी म्हणाली, "काका, तसं ओरडायचं नसतं. खाली खाली यायचं, मग तो बोलतो." सटवाजीने आवाज थोडा खाली आणला, आणखी थोडा आणला, आणि एका जागी पोचताच तो सबंध रांजण घुमू लागला. त्याच्या छातीत, दातांत, कानांत तो नाद भरला. त्याने दचकून तोंड बाहेर काढले. पोरे टाळ्या पिटू लागली.

"रांजणानं तुला हुंकार दिला," महाराज म्हणाले. "तो रिकामा आहे म्हणून घुमतो. तू लाज भरून ठेवली आहेस, ती तेवढी सांडून टाक. हे बघ, लेकरू चालताना पडलं तर आपण हसतो का? उचलतो आणि म्हणतो, चाल बाळा. गाताना पडलं की मात्र म्हणतो, गप्प बस. मग ते बिचारं जन्मभर बसूनच राहतं."

तेव्हापासून सटवाजी रोज रांजणाशी बोलू लागला. मांडीवर जाई असे. तो ऊंऽ म्हणे, तीही ऊंऽ म्हणे. कधी ती नवीनच हेल काढी, आणि मग बाप तिची नक्कल करी. चुकला तर ती खुदकन हसे, आणि त्या हसण्याची त्याला लाज वाटत नसे. हळूहळू त्या हुंकारावर पाळण्याचे शब्द बसले. ठकूबाई भाकरी थापता थापता ऐके. एके दिवशी तिच्याही नकळत ती मागून म्हणू लागली.

रामनवमी आली. महाराजांच्या सांगण्यावरून सटवाजीने सभामंडपात लोकांना प्यायला पाण्याचे रांजण मांडले होते. "काठोकाठ भर," असे महाराजांनी मुद्दाम बजावले होते. बुवांनी मात्र त्याला दारापाशी अडवले. "चपलांजवळ बस. आणि तोंड मिटून बस."

भर दुपारी जन्माची वेळ झाली. गुलाल उधळला, पुजाऱ्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली. हातोळ्यात अशी रीत होती, की दोरी एकदा हलली की सुंठवडा वाटेपर्यंत पाळण्याचे गाणे तुटू द्यायचे नाही. तुटले तर गावाला ते वर्ष जड जाते.

बुवांनी नेहमीपेक्षाही वरचा सूर लावला. लोकांनी माना डोलावल्या. पण दुसऱ्याच ओळीला बुवांचा घसा बसला. त्यांनी खाकरून पाहिले, पुन्हा सूर लावला. नुसती हवा निघाली. त्यांनी शिष्यांकडे पाहिले. ते बिचारे खाली बघू लागले. एवढ्या वर एकट्याने जायची छाती कोणाची? दोरी हलत होती आणि मंदिर मुके झाले होते.

त्या शांततेला घाबरून, दारापाशी ठकूबाईच्या मांडीवर बसलेल्या जाईने भोकाड पसरले.

"घ्या हिला," ठकूबाई दबक्या आवाजात म्हणाली, "आणि नवस बोललात तसा फेडा."

सटवाजीने लेकीला छातीशी घेतले आणि रोजच्यासारखे ऊंऽ केले. जाई थांबली. तिनेही ऊंऽ केले. मग तो गाव विसरला, बुवांना विसरला आणि गाऊ लागला:

नीज रे रामा, नीज रे राया,
उन्हावर धरली आभाळानं छाया, जो जो.

आवाज काही गंधर्वाचा झाला नव्हता. होता तसाच होता, जाडाभरडा, पण ढळत नव्हता. आणि श्रोतेहो, तेव्हाच सभामंडपातला पहिला रांजण घुमू लागला. मग दुसरा, मग तिसरा. सारे मंदिर त्या एका सुरात भरून गेले. तो सूर कोणालाही झेपेल असा होता. आधी पोरांनी उचलला, मग बायांनी, मग कधी न गाणाऱ्या म्हाताऱ्यांनी. सुंठवडा वाटून झाला तरी कोणी थांबेना.

विश्वंभरबुवा एका रांजणाला टेकून उभे होते. त्यांनी आत हात घातला. हात मनगटापर्यंत पाण्यात बुडाला. त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे काठोकाठ भरलेले होते आणि पाण्यावर बारीक बारीक लहरी उठत होत्या.

"सटवाजी," बुवा बसक्या आवाजात म्हणाले, "भरलेला रांजण घुमतो का रे?"

"कधीच न्हाई, बुवा," सटवाजी म्हणाला. तोही डोळे विस्फारून पाहत होता.

बुवांनी ओसरीवर जाऊन महाराजांचे पाय धरले. "महाराज, माझा आवाज परत मिळेल का?"

"मिळेल की," महाराज म्हणाले. "पण तो माझ्याकडं नाही. उद्या सकाळी कुंभारवाड्यात जा. तिथं माझे गुरू बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा सटवाजीच्या अंगणात आले, तेव्हा पोरांचा खेळ रंगात आला होता. सटवाजीने पुढे होऊन त्यांना नमस्कार केला आणि एक रिकामा रांजण पुढे सरकवला. बुवांनी इकडेतिकडे पाहिले, उपरणे सावरले आणि उभ्यानेच हूं केले.

ती चिमुरडी पुढे आली. "बुवा, असं वरून नाही घुमत," तिने समजावले. "आणखी वाका."

आणि विश्वंभरबुवा वाकले.