अर्जनवीस आणि त्याच्या बायकोचं जातं

एका गावात एक अर्जनवीस राहत होता, आणि राजाला रडवायचा मक्ता जणू त्याच्या एकट्याकडेच होता. ज्याला दरबारात काही मागायचं असे, तो भोपळा नाहीतर कोंबडी काखोटीला मारून त्याच्या ओसरीवर येई, आणि हा बोरू झाडून लिहायला बसे.

त्याच्या अर्जांच्या गोष्टी पंचक्रोशीत चघळल्या जात. एकदा कुंभाराचं गाढव कोंडवाड्यात अडकलं. अर्जनवीसाने चार ओळी लिहिल्या, तर राजाने गाढव सोडलंच, वर त्याच्या पाठीवर भरजरी झूल घातली. तेव्हापासून त्या गाढवाने मातीचं ओझं उचललं नाही. कुंभार माती वाहायचा आणि गाढव झूल सांभाळत मागून चालायचं. दुसरा एक अर्ज वाचता वाचता दिवाणजींच्या आसवांनी इतका भिजला, की तो दोरीवर वाळत घालावा लागला, आणि म्हणे शेजारी वाळणाऱ्या धोतरालाही हुंदका फुटला. खरंखोटं त्या धोतराला ठाऊक.

त्याची हत्यारं ठरलेली होती. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याची आधी तोंडभर स्तुती करायची, आणि मग हळूच एक ‘परंतु’ ठेवायचा. शंभर माणसांचं दुःख सांगत बसायचं नाही, एकाच म्हातारीचा फाटका पदर दाखवायचा. मुद्द्याची गोष्ट तीनदा म्हणायची, दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत. आणि जिथे पुरावा नसेल तिथे प्रश्न विचारायचा, कारण प्रश्नाला कोणी पुरावा मागत नाही.

पण खरं गुपित वेगळंच होतं. ते घरात होतं, जात्यापाशी.

त्याची बायको पहाटे दळायला बसे. उजव्या हाताने खुंटा फिरवी, डाव्या हाताने दाणे टाकी, त्यामुळे जातं थांबायचं काही कारणच नसे. हा समोर पाट मांडून कालचा मसुदा मोठ्याने वाची. घरघर चाललेली असे, आणि मध्येच एखाद्या वाक्याला जातं थांबे. एक श्वासभर, बस. मग पुन्हा घरघर.

अर्जनवीस खूश होई. वाक्य लागलं! तो त्या ओळीशेजारी कुंकवाचं बोट लावी. कुंकू लागलेली ओळ काही झालं तरी खोडायची नाही, असा त्याचा नेम होता. बायको कधी “अहो, पण…” म्हणून सुरुवात करायची. तो हात वर करायचा, “थांब गं, पुढचं ऐक,” आणि पुढचं वाचायचा.

त्याच गावात एक म्हातारी सुईण होती. अर्धा गाव तिच्या हातून जगात आला होता, खुद्द अर्जनवीससुद्धा. तो आला तोच गळ्याला नाळ गुंडाळून, निळा पडलेला. सगळ्यांनी आशा सोडली. सुईणीने नाळ सोडवली, त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठीत दोन धपाटे घातले, आणि त्याने जो टाहो फोडला तो तेव्हापासून बंद झालाच नाही, असं ती हसून सांगायची.

तिची झोपडी पाटलाच्या मळ्याच्या बरोबर मधोमध होती. पाटलाला तिथे ऊस लावायचा होता. त्याने जागा मागून पाहिली, तर म्हातारी म्हणाली, “मी गेले की घ्या की. फार वाट बघावी लागणार नाही.” पण पाटलाला तेवढीही वाट बघवेना. तो तांदळाचं पोतं घेऊन अर्जनवीसाच्या ओसरीवर आला. म्हणाला, “गाढवाला झूल मिळवून दिलीत. आम्ही काय गाढवाहून गेलेले?”

अर्जनवीस दिवसभर अस्वस्थ होता. दोनदा बोरू उचलला, दोनदा ठेवला. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की आपण खोटं असं काही लिहायचंच नाही, नुसतं विचारायचं. विचारायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने वाचायला घेतलं. सुईण कष्टाळू आहे, जुनी आहे, साऱ्या गावाला आईसारखी आहे. परंतु महाराज, वय कोणाला चुकलं आहे? तिच्या थरथरत्या हातांत आजवर किती पाळणे रिकामे झाले, हे कधी कोणी मोजलं आहे काय?

कोणी मोजलं नव्हतं, कारण मोजण्यासारखं काही नव्हतंच.

जातं थांबलं. नेहमीसारखं श्वासभर नाही, चांगलं पाच-सहा श्वास. अर्जनवीसाने मान वर न करता त्या ओळीशेजारी कुंकवाची दोन बोटं लावली.

आठ दिवसांत हुकूम आला. सुईणीने गाव सोडून नदीपलीकडे जावं, आणि पुन्हा या काठी कोणाच्या बाळंतपणाला हात लावू नये.

म्हातारी गाठोडं घेऊन निघाली. अर्जनवीसाच्या ओसरीपाशी थांबली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरून म्हणाली, “बाळा, माझे हात थरथरतात असं तू लिहिलंस म्हणे. बघ तरी एकदा.”

हात दगडासारखे स्थिर होते. अर्जनवीस दौतीत बघत राहिला.

त्याची बायको आतून बाहेर आली. तिने म्हातारीचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं आणि तिच्यामागे पायऱ्या उतरली. तिचं माहेर नदीपलीकडेच होतं. घरातून निघताना बायका ‘येते’ म्हणतात. ती काहीच म्हणाली नाही.

पहिले आठ दिवस अर्जनवीसाला वाटलं, येईल. मग पंधरा दिवस झाले, महिना झाला. पहाटे जाग यायची आणि घर मुकं असायचं. शेवटी त्याने ठरवलं, की राजाला हलवणाऱ्या माणसाला बायकोला हलवणं काय अवघड आहे? त्याने जुने मसुदे काढले. ज्या ज्या ओळीशेजारी कुंकू होतं, त्या सगळ्या वेचल्या, नावं-गावं बदलली, आणि त्यांचं एक पत्र जुळवलं. त्यात एकही ओळ अशी नव्हती, जिला जातं थांबलं नव्हतं. कोणाच्या हाती पाठवायचा धीर निघेना, म्हणून स्वतःच होडीत बसला.

सासुरवाडीच्या अंगणात बायको दळत होती. शेजारी सुईण तांदूळ निवडत बसली होती. कोणी त्याला ‘या’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही. तो उभ्यानेच वाचू लागला.

तुझ्यावाचून चूल पेटत नाही, असं त्याने वाचलं. जातं थांबलं. अंगणातल्या तुळशीने मान टाकली आहे. जातं थांबलं. हा देह इथे आहे, पण प्राण कुठे आहे? पुन्हा थांबलं. अर्जनवीसाचा आवाज चढत गेला. असं तर पूर्वी कधीच झालं नव्हतं. ओळीमागून ओळ लागत होती. पत्र संपलं तेव्हा त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी होतं.

“अकरा वेळा थांबलीस,” तो म्हणाला.

“मोजलंत वाटतं.” तिने पीठ हाताने सारखं केलं. “मी का थांबते, असं तुम्हाला वाटत आलं इतकी वर्षं?”

“का म्हणजे? काळजाला लागतं म्हणून.”

“अहो, खोटं आलं की माझा हात थांबायचा. मला बोलू द्यायचा नाहीत तुम्ही. म्हटलं, आवाज बंद झाला की निदान तुमचं तुम्हाला ऐकू येईल, तुम्ही खोडाल. खोडायला वेळ मिळावा म्हणून थांबायचे मी. तुम्ही तिथेच कुंकू लावायचात.”

सुईणीने तांदळातला एक खडा काढून अंगणात टाकला. बायकोने मूठभर दाणे टाकून जातं पुन्हा फिरवायला घेतलं.

अर्जनवीसाने पत्राची घडी घातली. मग तो म्हणाला, “तिचे हात थरथरत नव्हते. मला ठाऊक होतं.”

जातं चालू होतं. ते थांबलं नाही.

“हे राजाला सांगा,” बायको म्हणाली.

तो तसाच दरबारात गेला. अर्जात तीनच ओळी होत्या. सुईणीच्या हातून एकही मूल गेलेलं नाही. मागचा अर्ज मी पाटलाच्या सांगण्यावरून खोटा लिहिला. तिला परत बोलवावं. दिवाणजींनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

“एवढंच? यात काळजाला भिडेल असं काय आहे? मागचा अर्ज काय होता हो! ते रिकामे पाळणे! महाराजांना अजून जेवताना आठवतात.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “ह्याच्यावर हुकूम नाही फिरायचा. तुम्हाला काय अवघड आहे? एखादं अनाथ पोर घाला. उद्या म्हातारी घरी.”

अर्जनवीसाचा हात बोरूकडे गेला. वाक्य तयारच होतं, आणि सुरेख होतं. पण ते पुरं व्हायच्या आत त्याच्या कानात जातं थांबलं. त्याने बोरू खाली ठेवला आणि तो तीन ओळींचा कागद तसाच तिथे सोडून बाहेर पडला.

पुढे दर महिन्याला तो त्याच तीन ओळी नेऊन देत असे. दरबारात त्याला हसू लागले, की बिचारा पार आटला. पाटलाच्या मळ्यात ऊस उभा राहिला. गावातल्या बायका बाळंतपणाला होडीतून पलीकडे जाऊ लागल्या. पाटलाची सूनही कळा देत होडीतूनच गेली, आणि सुईणीने कोणाची कोण हे न विचारता तिलाही सोडवलं. दुसऱ्या वर्षी म्हातारी पलीकडच्या काठावरच गेली. शेवटपर्यंत तिचे हात स्थिर होते, असं बायको सांगते.

तेरावा झाल्यावर बायको परत आली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. ती पहाटे दळायला बसते, तो पाटावर समोर बसतो. अर्ज लिहिणं त्याने सोडलं आहे, त्यामुळे वाचायला काही नसतं. जातं पहिल्या मुठीपासून शेवटच्या मुठीपर्यंत सरळ फिरतं. कधी कधी त्याला वाटतं, ते एकदा तरी थांबावं, म्हणजे तेव्हा खोडायचं राहिलेलं आता खोडता येईल.

तात्पर्य: आपल्या बोलण्याने समोरचा थबकला, तर खूश व्हायच्या आधी तो का थबकला हे विचारावं; दाद आणि शंका लांबून सारख्याच दिसतात.