कोंडाई आली

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. ज्यांना सांगता आलं असतं ते सगळे आता मातीखाली आहेत. सावरखिंड गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, ख्रिस्ती वस्ती होती आणि त्या वस्तीत कोंडाई नावाची सुईण राहत होती. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापांनी तिला मूठभर कोंड्याला विकल्यासारखं केलं आणि कोंडाबाई नाव ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी तिला शास्त्रातलं चांगलं नाव दिलं होतं, पण ते चर्चच्या उंबऱ्याबाहेर कधी आलं नाही.

तिने अडलेल्या बाईच्या पोटावर हात ठेवला की आतलं आडवं मूल तो हात ओळखून आपोआप सरळ होई, असं म्हणतात. वरच्या आळीतल्या मोठ्या घरांत तिला एरवी अंगणापर्यंतच वाट होती. कळा सुरू झाल्या की मात्र थेट आतल्या खोलीपर्यंत बोलावणं येई, आणि बारसं झालं की पुन्हा अंगण. गरज सरो, वैद्य मरो, ही जगाची रीत तिला पाठ होती, आणि तिला त्या रीतीचं हसूच येई.

वस्तीत तेव्हा ख्रिस्ताची गोष्ट नवी होती. पहिल्या नाताळला पाळकांनी ती सगळ्यांना बसवून सांगितली. परक्या गावी आलेलं जोडपं, भरून गेलेली उतारशाळा, गोठा, गव्हाणीत निजवलेलं बाळ. मग देवदूत आले, मेंढपाळ आले. लोक हात जोडून ऐकत होते. कोंडाईची मात्र चुळबुळ चालली होती. शेवटी तिच्याने राहवलं नाही.

"पाळकबाबा," ती म्हणाली, "ते समदं खरं. पर सुईन कोन व्हती?"

लोक हसले. पाळक हसले नाहीत. त्यांनी पानं मागेपुढे केली आणि म्हणाले, "बाई, ते शास्त्रात सांगितलेलं नाही."

"मंजी कुनी आलीच न्हाई? एवढ्या मोठ्या गावातनं?" असं म्हणून कोंडाई तिथेच रडायला लागली. आपलं कुणी गेल्यासारखी रडली, असं म्हणतात. त्या दिवसापासून तिने ठरवलं की आपल्या कानावर आलेली कुठलीही बाई एकटी बाळंत व्हायची नाही. तिला वाचता येत नव्हतं, प्रार्थना म्हणताना ती अर्ध्यात विसरायची. पण नाताळचा अर्थ तिला त्या दिवशी कळला तो कळला, आणि मग तो तिने कुणाला विचारला नाही.

तिची थोरली जाऊ राहेल आधी तिच्याबरोबरच जायची. कोंडाईची कला तिने हाताखाली राहून शिकून घेतली होती. पण एकदा कोंडाई डोंगरापलीकडच्या कुणा परक्या बाईकडे गेलेली असताना राहेलच्या सुनेला अवचित कळा लागल्या. राहेलने एकटीने शर्थ केली, पण बाळ राहिलं नाही. कोंडाई परतली तेव्हा राहेल दारात उभी होती. "परक्याच्या पोरी तुला लेकी झाल्या," ती म्हणाली, "आन माजी सून?" दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती, पण त्यानंतर बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग पटकीच्या साथीचं साल आलं. त्या साली कोंडाईची लेक मार्था माहेरी आली होती. तिचं पहिलं बाळ सासरी जन्मताच गेलं होतं. म्हणून या खेपेला कोंडाई स्वतः जाऊन तिला घेऊन आली आणि तिला वचन दिलं, "या खेपेला माज्या हातांबिगर कुनाचं हात लागायचं न्हाईत."

नाताळच्या सकाळी मार्थाला कळा सुरू झाल्या. चर्चची घंटा वाजत होती, लोक नवी लुगडी, धुतलेली धोतरं नेसून निघाले होते. तेवढ्यात ओढ्यापलीकडून हाक आली. तिकडच्या माळावर मीठ विकणाऱ्या लमाणांचा तांडा उतरला होता. तांड्यात पटकी शिरली होती, म्हणून कुणी ओढा ओलांडायचा नाही असं गावाने ठरवलं होतं. पलीकडच्या काठावर एक माणूस पागोटं हातात घेऊन उभा होता आणि ओरडून सांगत होता, "बायको अडली रे माझी! बाया सगळ्या आजारी. कुणी तरी या!" लोक थांबले, खाली बघत राहिले आणि मग एकेक जण चर्चकडे वळला. ते काही वाईट लोक नव्हते. त्यांच्या घरातही लेकरं होती.

कोंडाईने ती हाक ऐकली. तिला पक्कं ठाऊक होतं की तिथे गेलं तर परत येऊन मार्थाला हात लावता यायचा नाही. एकाच दिवसात दोन बाया, आणि कोंडाई एक. ती उठली तसा मार्थाने तिचा पदर धरला.

"आई, तू वचन दिलं व्हतंस."

"दिलं व्हतं, बाळा. पर तुज्याभवती भिंती हायेत, शेजारपाजार हाय. तिच्याभवती नुसता माळ हाय."

मार्थाला रडू आलं, आणि रागही आला. "जा तर मग," ती म्हणाली. "मी तुज्याशी बोलनार न्हाई." पण पदर तिने सोडला.

कोंडाई बाहेर पडली आणि राहेलच्या बंद दारापाशी थांबली. "आक्का," ती दाराला म्हणाली, "मार्थाला कळा लागल्यात. मी वड्यापल्याड चालले. तुला कायबी म्हनाया मला तोंड न्हाई, तरी म्हनते." दार उघडलं नाही. ती ओढ्यात उतरली.

माळावर गार वारा सुटला होता. मिठाच्या गोण्यांच्या आडोशाला ती लमाणीण तळमळत पडली होती. तांड्यातले बैल उठून आले आणि वारा अडवून भोवती बसले, असं म्हणतात. बाई ओरडली की कोंडाईला मार्थाचा आवाज ऐकू येई, आणि तिचे हात मात्र चालूच राहत. ऊन कलताना मुलगी झाली. माय आणि लेक दोघी सुखरूप राहिल्या.

आणि इकडे काय झालं? मार्था सांगायची, दार करकरलं, सुईणीच्या हातांना असतो तो एरंडेलाचा वास आला आणि आईचेच हात कमरेला लागले. तोच दाब, तीच पकड. लोक चर्चमधून परतले तेव्हा घरातून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. कोंडाई एकाच वेळी दोन्हीकडे होती, असं म्हणतात.

काही म्हातारे मात्र म्हणत की त्या सकाळी राहेल चर्चमध्ये दिसली नव्हती. कुणी तिलाच विचारलं, "कोंडाई म्हनं दोन्हीकडं व्हती?" ती तांदूळ निवडत होती. "असंल," ती म्हणाली आणि खडे वेचत राहिली. मला विचाराल, तर एका बाईला दोन जागी उभं करणं देवाला काय जड आहे? इतक्या वर्षांचं बंद दार आतून उघडायला लावणं, ते खरं जड काम.

साथ ओसरेपर्यंत कोंडाई तांड्यातच राहिली. पाणी उकळून पाजलं, माणसं धुतली, गेलेल्यांना माती दिली. एक दिवस ओढ्याच्या अलीकडच्या काठावर राहेल येऊन उभी राहिली. तिच्या हातात मार्थाचं बाळ होतं. तिने ते वर धरलं.

"कोंडे, बघ गं. नातू हाय."

कोंडाईने डोळे पुसले. "आक्का, कुनावर गेलाय?"

"नाक तुजंच हाय मेलं. आता लवकर ये, माजं हात भरून आल्यात."

त्यानंतर दोघी पुन्हा बरोबर जाऊ लागल्या. मार्था मात्र परत आलेल्या आईशी खरंच दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली.

पुढे कोंडाई म्हातारी होऊन वारली. त्याच साली नाताळच्या सकाळी, उपासना सुरू व्हायच्या वेळी, शेजारच्या गावाहून बोलावणं आलं. राहेलची कंबर वाकली होती, तरी ती उठली. त्या घरी पोचली तेव्हा आतून कुणी विचारलं, "कोन हाय?"

राहेलने दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाली, "कोंडाई आली."

आता सावरखिंडीला रस्ता आहे, दवाखाना आहे, गाडी फोनवर येते. तरी नाताळच्या सकाळी वस्तीतल्या बाया घरची चूल पेटवायच्या आधी दोघीदोघींनी बाहेर पडतात. बरोबर तूप, आळिवाचे लाडू आणि एक दुपटं असतं. पंचक्रोशीत जिथे जिथे बाळंतीण असेल तिथे जातात. जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. ज्या घराशी अबोला असेल, त्या घरी तर आधी जातात. दारात आपलं नाव कुणी सांगत नाही. सात गावांत, सात दारांत, एकाच वेळी एकच शब्द ऐकू येतो, "कोंडाई आली." आतून बाळंतीण म्हणते, "ये बाई, तुझीच वाट बघत होते." आणि शेवटची बाई परतेपर्यंत चर्चची घंटा वाजत नाही.